बारावीनंतर एमबीए: राऊ, खंडवा रोड की आधी पदवी?

रामबाग असो की सुदामा नगर, बारावीतलं मूल असलेल्या इंदूरच्या मराठी घरात परीक्षा आटोपली की हा विषय निघतोच. मॅनेजमेंटच करायचं असेल तर गावातल्या गावात तीन रस्ते आहेत. राऊच्या आयआयएम इंदूरचा 5 वर्षांचा आयपीएम (बारावीनंतरचा सलग मॅनेजमेंट कोर्स), खंडवा रोडवरच्या देवी अहिल्या विद्यापीठाच्या आयआयपीएस या संस्थेतला 5 वर्षांचा एमबीए, किंवा आधी बीकॉम-बीई उरकून मग कॅट, म्हणजे पदवीनंतरच्या एमबीएची प्रवेश परीक्षा. नावाच्या वजनावर निकाल लावायचा तर पहिल्यावरच थांबाल. पण खरा प्रश्न वेगळा आहे: सतराव्या वर्षी पुढच्या पाच वर्षांचा सौदा करायचा का?

आयआयएम इंदूर 1996 सालचं. आयपीएम त्यांनी 2011 मध्ये सुरू केला, तेव्हा कुठल्याच आयआयएममध्ये बारावीनंतर प्रवेश नव्हता. पहिली तीन वर्षं गणित, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र आणि जोडीला साहित्य, राज्यशास्त्र, परदेशी भाषा. पुढची दोन वर्षं कॅट देऊन आलेल्या पीजीपीच्या (पदवीनंतरच्या दोन वर्षांच्या एमबीएच्या) मुलांबरोबर, प्लेसमेंटही त्यांच्यासोबतच. म्हणजे कॅट टळतो. पण चौथ्या वर्षात जायला गुणांची अट पुरी करावी लागते, हे बरेच पालक लक्षातच घेत नाहीत. मध्येच मन उडालं तर तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं.

त्याची प्रवेश परीक्षा म्हणजे आयपीमॅट. मुलाचं गणित कसं आहे याचा हिशेब इथेच होतो. गणिताचे दोन विभाग असतात. एकात नेहमीसारखे चार पर्याय, बरोबरला 4 गुण, चुकलं तर 1 वजा. दुसऱ्यात पर्यायच नाहीत, आकडा काढून स्वतः टाइप करायचा. तिथे चुकल्याचे गुण कापत नाहीत, म्हणून एकही जागा रिकामी सोडायची नसते. पण पर्यायांवरून उलटं गणित करायची सवय असलेली मुलं तिथेच अडकतात. पाठांतरावर नव्वद टक्के मिळवणाऱ्या मुलाला एक जुना पेपर घड्याळ लावून सोडवायला द्या. भंवरकुआंच्या क्लासची फी भरण्याआधी एवढं केलं तरी पुष्कळ कळतं.

आता पैसा. आयपीएमचा खर्च पाच वर्षांचा मिळून 30-40 लाखांच्या घरात जातो. त्यात एक इंदुरी गंमत आहे. राऊ घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर, तरी मुलानं हॉस्टेललाच राहायचं आणि मेसचे पैसे वेगळे. तारण न देता कर्ज मिळतं. पीएम विद्यालक्ष्मी योजनेत वर्षाला 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात 3 टक्के सवलतही आहे. तरी उरलेला बोजा लहान नाही.

आयआयपीएसची एका सेमिस्टरची फी हजारांत मोजतात. संस्था 1992 पासूनची, प्रवेश सीयूईटी या देशभरच्या सामायिक प्रवेश परीक्षेतून, मूल घरी जेवून जाणार. मोठ्या कंपन्या राऊला जितक्या येतात तितक्या इथे येत नाहीत, हे मान्यच करायला हवं. पण घरचं दुकान, एजन्सी किंवा पिथमपूरला छोटा कारखाना असेल आणि मुलाला तोच सांभाळायचा असेल, तर 35 लाख घालून नोकरीसाठी तयार केलेलं मूल परत गादीवर बसवणं मला तरी पटत नाही. अशा घरासाठी आयआयपीएस सरस. तिथे चौकशी करताना 'सर्वात मोठं पॅकेज किती' हे विचारू नका. किती मुलं बसली, त्यातल्या किती जणांना नोकरी लागली आणि पगाराच्या क्रमानं बरोबर मध्ये येणाऱ्या मुलाला किती मिळाले, हे विचारा.

तिसरा रस्ता कुणाला फारसा आवडत नाही, कारण त्यात नातेवाइकांना लगेच सांगण्यासारखं काही नसतं. बीकॉम किंवा बीई, दोनेक वर्षं नोकरी, मग कॅट. पीजीपीची फी 20 लाखांच्या पुढे आहेच, पण तोवर मुलाला मार्केटिंग हवं की फायनान्स, की मॅनेजमेंटच नको, हे स्वतःच्या पगारावर कळलेलं असतं. एक अडचण मात्र आहे. आयआयएम इंदूर मुलाखतीला बोलावताना दहावी-बारावीचे गुणही धरतं. तिथे गुण कमी असतील तर कॅटमध्ये दुप्पट दम लावावा लागेल, किंवा दुसऱ्या संस्थांकडे बघावं लागेल.

माझं मत विचाराल तर गणित पक्कं, घरापासून दूर राहायची तयारी आणि कर्ज झेपणारं असेल तर आयपीएम. यातलं एक जरी डळमळीत असेल तर बीकॉम आणि कॅट. नुसत्या आयपीमॅटसाठी वर्ष ड्रॉप करायला मी कुणालाच सांगणार नाही. आणि राऊची कितीही खात्री वाटली तरी सीयूईटीचा फॉर्म भराच. भरताना आयआयपीएसच्या कोर्सला कोणता पेपर लागतो ते विद्यापीठाच्या प्रवेश सूचनेत आधी बघा. चुकीचा पेपर निवडला तर चांगला स्कोअर येऊनही तो तिथे चालत नाही.