शेळ्यांची गोळी पेंड: आठ महिन्यांनंतर

दिव्याजवळ आगासनला आमच्या नऊ शेळ्या आणि दोन खच्ची बोकड. इमारती उठल्या तशी चरायची जागा संपली, त्यामुळे जनावरं बांधूनच असतात. जूनपासून ५० किलोच्या पोत्यातली गोळी पेंड सुरू केली. कंपनीचं नाव देत नाही, कारण निम्मी चूक माझीच आहे.

पहिले दोन महिने मी खूश होतो. दूध वाढलं, अंगावर तुकतुकी आली. पोत्यावर प्रथिनं १८ टक्के लिहिलेली, आपण तेवढंच वाचतो. फॉस्फरसचा आकडा नव्हताच.

ऑगस्टमध्ये मोठा बोकड पाठीची कमान करून उभा राहायला लागला. लघवी थेंबथेंब. पोटाखालच्या केसांना बारीक कण चिकटलेले, बोटांत चोळले तर वाळूसारखे करकरले. डॉक्टर म्हणाले, मुतखडा. गोळीतल्या मक्यात आणि गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नावाला, त्यानेच खडे धरतात. खरं तर कॅल्शियम निदान दुप्पट हवं. त्यात लहानपणी खच्ची केलेल्या बोकडाची मूत्रनळी अरुंदच राहते. इंद्रियाच्या टोकाची गांडुळासारखी नळी कापली तेव्हा धार सुटली. वाचला बिचारा.

डॉक्टरांनीच सांगितलं, प्राणिसंग्रहालयातल्या जिराफांनाही धान्याच्या खुराकाने असेच खडे होतात. तोही झाडपाला खाणाराच. म्हणून त्यांना आता कमी स्टार्चच्या, बीटाच्या चोथ्याच्या गोळ्या, सुका लसूणघास आणि टांगलेल्या फांद्या देतात. पाला कमी पडला की जिराफ भिंती, गज चाटत बसतो म्हणे. आमची पांढरी दिवसभर पत्र्याची कड चाटायची, मला वाटायचं मीठ हवंय! फांद्या टांगायला लागल्यापासून तिचं चाटणं बरंच कमी झालंय.

आता बोकडांना गोळी बंद, शेळ्यांना सकाळी दीडशे ग्रॅम. बाकी शेवगा, फणस, पिंपळ, सोसायट्यांच्या छाटणीतून येईल तो ओळखीचा पाला. सुबाभूळ एक तृतीयांशाच्या आतच, जास्त झाला तर केस गळतात. पाणी दोनदा बदलतो.

गोळी वाईट नाही, दुभत्या शेळीला वरखुराक म्हणून चालते. पण अकरा दिवसांत संपणारं पोतं आता महिन्यावर जातं, आणि खाडीच्या दमट हवेत तळाच्या चार-पाच किलोंचा ढेकूळ होऊन हिरवी बुरशी धरते. ते सरळ उकिरड्यावर. २५ किलोचं पोतं मिळालं तर पुन्हा घेईन.