दोन खोकी आणि अर्धा चेंडू : तळकोकणात दक्षिण आफ्रिकेची नाटकं

तळकोकणात तालुक्याच्या एका गावी नुकताच पार पडलेला समकालीन दक्षिण आफ्रिकी नाटकांचा महोत्सव आता रत्नागिरी, चिपळूणकडे जायचा आहे. बघायला जावं का? जरूर जावं. तीन संध्याकाळी तीन नाटकं, सगळी मराठीत, नट सगळे सिंधुदुर्गातले हौशी, आणि शेवटच्या दिवशी सकाळी एक अभिवाचन. तिन्ही दिवसांचा पास चारशे रुपयांचा, एका प्रयोगाचं तिकीट दीडशे. पण तिन्ही प्रयोग एका पातळीचे नाहीत. ज्यांना एकच संध्याकाळ मोकळी करता येईल, त्यांनी पहिली निवडावी.

पहिल्या दिवशी ‘वोझा अल्बर्ट’ होतं. पर्सी एमत्वा, एम्बोंगेनी एन्गेमा आणि बार्नी सायमन यांनी मिळून उभं केलेलं १९८१ चं नाटक. येशू पुन्हा अवतरतो तो वर्णभेदाच्या दक्षिण आफ्रिकेत. तिथे त्याला ‘मोरेना’ म्हणतात. सरकार आधी त्याच्या येण्याचा उदोउदो करतं आणि मग त्यालाच तुरुंगात घालतं. नट दोनच. फेरीवाला, न्हावी, पोलीस, वीटभट्टीचा मालक, कचऱ्यातून खायला वेचणारी म्हातारी, अशी सगळी पात्रं तेच दोघं करतात. मूळ प्रयोगाचं सामान म्हणजे पालथी घातलेली दोन चहाची खोकी, मागे फळीवर खिळ्यांना टांगलेले फाटके कपडे, आणि प्रत्येकाच्या गळ्यात इलॅस्टिकला बांधलेला, गुलाबी रंगवलेला अर्धा स्क्वॉशचा चेंडू. गोरा माणूस करायचा असेल तेव्हा तो नाकावर चढवायचा. रेल्वे, हेलिकॉप्टर, बँड, सगळं तोंडाने आणि अंगाने.

दशावतारात एका बाकड्यावर राजसभा, अरण्य आणि रणांगण बघत आलेल्या प्रेक्षकाला यातलं काहीही समजावून सांगावं लागलं नाही. दोघांपैकी एक नट दशावतारात काम करणारा आहे आणि त्याचा सराव जागोजाग दिसतो. खोक्यावर चढताना तो आधी श्वास घेतो, मग पाय टाकतो. त्यामुळे वर पोचल्यावर पहिलं वाक्य धापेशिवाय येतं. दुसरा नट प्रायोगिक नाटकांतून आलेला, अंगाने लवचिक, पण साठाव्या मिनिटाला आवाज बसायला लागला. या नाटकात ओरडण्याच्या जागा सुरुवातीलाच फार आहेत. तिथे पोटातून आवाज काढला नाही तर शेवटच्या स्मशानाच्या प्रवेशाला गळ्यात काही उरत नाही. नेमकं तेच झालं.

नाकाचाही घोळ झाला. स्क्वॉशचा चेंडू चार सेंटिमीटर व्यासाचा आणि मऊ रबराचा असतो. अर्धा कापला की नाकाच्या शेंड्यावर बसतो आणि नाकपुड्या मोकळ्या राहतात. इथे जत्रेत मिळतो तसला प्लॅस्टिकचा मोठा चेंडू कापून वापरला होता. त्याने नाकपुड्या झाकल्या आणि प्रत्येक गोरा साहेब गेंगाणा बोलू लागला. प्रेक्षक हसले, पण त्या हसण्यात पोलिसाची भीती विरून गेली. शिवाय ऑइलपेंट वापरल्यामुळे मध्यंतराच्या सुमारास पापुद्रे सुटून नटाच्या ओठाला चिकटत होते. पुढच्या प्रयोगांसाठी खरा स्क्वॉशचा चेंडू मागवून घ्यावा, ॲक्रिलिक रंगाचे पातळ दोन-तीन हात द्यावेत, आणि इलॅस्टिक मानेभोवती सैल ठेवावं, म्हणजे एका हाताने वर-खाली करता येईल. आणि मध्यंतरही काढून टाकावं. दीड तासाच्या आतलं हे नाटक मधे तोडलं की दोघा नटांनी तापवलेलं वातावरण चहाच्या रांगेत थंड होतं.

भाषेचा निर्णय धाडसाचा आहे. काळ्या कामगारांना मालवणी आणि गोऱ्या अधिकाऱ्यांना प्रमाण मराठी. वीटभट्टीच्या प्रवेशात तो लखलखीत उतरतो, कारण साहेबासमोर कामगाराची बोली कशी आखडते आणि साहेब गेल्यावर कशी सुटते ते कानाला कळतं. पण रंगमंचावरच्या मालवणीला हसायचं असतं, अशी आपल्या प्रेक्षकाला पक्की सवय आहे. काळ्या माणसाला सक्तीने जवळ बाळगावा लागणारा ओळखीचा पास नसल्यामुळे पकडलेल्या माणसाला मारहाण होते तेव्हाही मागच्या रांगांत हशा होता. दिग्दर्शकाने तिथे नटाचा वेग निम्म्यावर आणायला हवा. तीच वाक्यं सावकाश आली की हशाला जागा राहत नाही.

शेवटी मोरेना कबरीतल्या पुढाऱ्यांना एकेक करून उठवतो. नाटकाचं नाव तिथून आलेलं आहे. ‘वोझा’ म्हणजे ये, ऊठ. हा अल्बर्ट म्हणजे अल्बर्ट लुटुली, वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष, १९६० च्या शांतता नोबेलचे मानकरी, १९६७ मध्ये वारले. पुढे त्याच लढ्यातल्या स्त्रियांच्या पुढारी लिलियन एन्गोयी येतात, पोलीस कोठडीत जीव गेलेला तरुण पुढारी स्टीव्ह बिको येतो. तिथल्या प्रेक्षकाला या प्रत्येक नावासरशी अंगावर काटा येत असणार. इथे नुसती नावांची यादी ऐकू आली. चार पानी पत्रकात जाहिरातदारांची दोन पानं आहेत आणि लुटुली यांच्याबद्दल एक ओळ नाही. अनुवादकाचं नावही नाही, ही तर सरळ अन्यायाची गोष्ट आहे. दीड तास ज्याच्या शब्दांवर नाटक उभं राहतं, त्याला मंडपवाल्याइतकीही जागा मिळू नये?

दुसऱ्या दिवशी ‘द आयलंड’. ॲथॉल फुगार्ड, जॉन कानी आणि विन्स्टन एन्टशोना यांनी १९७३ मध्ये केपटाऊनच्या ‘द स्पेस’ या छोट्या नाट्यगृहात पहिल्यांदा केलेलं. काळ्या माणसाला ‘नट’ हा व्यवसाय कागदोपत्री लावता येत नव्हता, म्हणून कानी आणि एन्टशोना यांची नोंद गोऱ्या फुगार्ड यांचे घरगडी म्हणून होती. पुढे याच दोघांना या नाटकासाठी आणि याच तिघांच्या ‘सिझ्वे बान्सी इज डेड’साठी मिळून १९७५ चा टोनी पुरस्कार मिळाला. इतकी मोठी पुण्याई असलेलं नाटक, आणि महोत्सवातला सर्वांत कमकुवत प्रयोग नेमका याचा झाला, याचं वाईट वाटतं. दोष नटांचा नाही, प्रयोग बांधण्याचा आहे.

नाटक उघडतं ते रॉबेन बेटावरच्या, राजकीय कैद्यांच्या तुरुंगातल्या सक्तमजुरीने. दोन कैदी समोरासमोर वाळू उपसतात, ढकलगाडीत भरतात, आणि प्रत्येक जण आपली वाळू दुसऱ्याच्या खड्ड्यात ओततो. कुणाचाच खड्डा कधी संपत नाही. हे सगळं मुकाभिनयाने, शब्दाशिवाय आणि लांबलचक करायचं असतं. प्रेक्षकाला आधी कंटाळा यावा, मग अस्वस्थ वाटावं, मग स्वतःच्या पाठीत कळ यावी, इतकं लांब. इथे ते दोन मिनिटांत उरकलं, त्यावर ध्वनिमुद्रित ढोल वाजवला आणि खरी ढकलगाडी आणली. खरी गाडी आणली तिथेच फसलं. रिकामी गाडी ढकलताना माणसाचे खांदे वर राहतात आणि पाऊल हलकं पडतं. भरलेल्या गाडीला कोपर ताठ होतं, कंबर आधी पुढे जाते, वळताना चाक अडतं. गाडी नसती तर हे सगळं नटाला अंगातून काढावं लागलं असतं. गाडी हातात आल्यावर त्याने ते काढलंच नाही.

पुढे कोठडीतले दोघं, जॉन आणि विन्स्टन, कैद्यांच्या कार्यक्रमासाठी ‘अँटिगनी’ हे राजाज्ञा मोडणाऱ्या राजकन्येचं प्राचीन ग्रीक नाटक बसवतात. विन्स्टनच्या वाट्याला बाईचं काम आलेलं असतं. दोरखंडाच्या धाग्यांचा टोप, खिळ्यांची माळ आणि खोटी छाती लावून तो उभा राहतो, जॉन पोट धरून हसतो आणि विन्स्टन काम करायला नकार देतो. नाटकाचा सगळा पुढचा भार या हसण्यावर आहे. आमच्याकडे मात्र कुणी हसलंच नाही. स्त्रीपार्टी नट जन्मभर बघितलेल्या प्रेक्षकाला पुरुषाने लुगडं नेसण्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. त्यात या नटाला टोप चांगला, मेकअप नीटनेटका आणि चाल तर इतकी सुबक की तो खरोखरची राजकन्या दिसला. जॉन एकटाच हसत राहिला. इथल्या प्रयोगात ते रूप दळभद्री दिसलंच पाहिजे. टोप सुंभाचा आणि एका बाजूला घसरलेला, छातीच्या जागी जेवणाचे टिनपाट, चाल मजुराची. मग शेवटी तो टोप फेकून देतो आणि अँटिगनीच्या नव्हे, स्वतःच्या तोंडाने बोलतो, त्या क्षणाला काही किंमत येईल.

एक प्रवेश मात्र बिनचूक होता. रिकामा टिनपाट कानाला लावून घरच्या मित्रांना फोन करण्याचा. जॉनचं काम करणारा नट पलीकडचं बोलणं ऐकताना टिनपाट किंचित फिरवत होता, आवाज नीट यावा म्हणून फिरवतात तसा. सभागृहात त्या वेळी खोकलाही ऐकू आला नाही.

तिसऱ्या दिवशीचं ‘नथिंग बट द ट्रुथ’ जॉन कानी यांनी एकट्याने लिहिलेलं, २००२ चं. त्रेसष्ट वर्षांचा ग्रंथपाल सिफो, त्याची मुलगी, आणि लंडनहून आलेली पुतणी. परदेशात परागंदा झालेला भाऊ वारला आहे आणि त्याचा देह घरी यायचा आहे. येतो तो अस्थिकलश. सिफो हादरतो, कारण त्याच्या रीतीत माणसाला पुरतात आणि पूर्वजांच्या शेजारी पुरतात. त्याने शववाहिकेपर्यंत सगळी तयारी केलेली असते. आपल्याकडे दहन हाच रिवाज, त्यामुळे कलश बघून सिफो का चिडला ते अर्ध्या सभागृहाला कळलं नाही. पहिल्या दहा मिनिटांत कबरीची जागा आणि शवपेटी यांचा उल्लेख ठळक केला तरी हे सुटेल, नवं वाक्य घालायची गरज नाही. सिफोचं काम जाणत्या नटाने केलं आणि ते फार चांगलं केलं. वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगापुढे गुन्हेगारांना मिळणारी माफी हा विषय तो भाषण न करता, पुस्तकांच्या गठ्ठ्याची दोरी सोडता सोडता बोलतो. नेपथ्य मात्र गरजेपेक्षा दुप्पट होतं. राज्य नाट्य स्पर्धेत नेपथ्याला वेगळं बक्षीस असतं, त्या सवयीने भिंती, खिडक्या, झुंबर सगळं उभारलं आणि नटांना वावरायला मधे सहा फुटांची पट्टी उरली.

‘सिझ्वे बान्सी’चं अभिवाचन ठीक झालं. सकाळी दहाला फार लोक नव्हते.

महोत्सवाच्या नावातल्या ‘समकालीन’ या शब्दाला मात्र आमचा आक्षेप आहे. वर्णभेदाची राजवट १९९४ च्या निवडणुकीने संपली. तिन्ही नाटकांपैकी दोन त्याआधीची आहेत आणि तिसऱ्यालाही वीस वर्षं उलटून गेली. आफ्रिकेचं नाटक म्हणजे वर्णभेद, इतकीच ओळख घेऊन प्रेक्षक घरी गेला. शिवाय तिन्हींत मिळून रंगमंचावर माणसं सात, त्यांत बाया दोनच. लारा फूट यांचं २००३ चं ‘त्शेपांग’ घेता आलं असतं. पाठीला छोटी खाट बांधलेली, जवळजवळ न बोलणारी आई आणि तिच्याबद्दल बोलणारा पुरुष, बस्स. केपटाऊनच्या मॅग्नेट थिएटरचं निर्वासित मायलेकींवरचं नाटक दोन अभिनेत्री करतात. आणि या किनाऱ्यावर तर डर्बनच्या एम्पाथिएटरचं ‘लालेला उल्वांडले’ यायलाच हवं होतं. क्वाझुलु-नाताळच्या किनाऱ्यावरच्या लोकांच्या मुलाखतींतून ते रचलेलं आहे, विषय समुद्र आणि त्यावर हक्क कुणाचा हा. प्रयोगानंतर प्रेक्षकांशी चर्चा हा त्याचा भागच असतो. मोठ्या पर्ससीन जाळ्यांच्या आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीवरून ज्या गावांत बैठका तापतात, तिथे ही चर्चा रात्री बारापर्यंत चालली असती.

आयोजकांनी तारखाही बदलाव्यात. मार्गशीर्षात जत्रा ऐन भरात असतात. ज्यांनी ‘वोझा अल्बर्ट’ बघावं असे दशावतारी कलाकार त्याच रात्री कुठल्या तरी देवळासमोर उभे असतात. चाकरमानी गावी येतात तो एप्रिलचा शेवट बरा.

नाट्यगृहाबद्दल थोडं. अशा नाटकांना तीनशे खुर्च्यांपर्यंतच्या सभागृहात माईक लागत नाही. इथे वरून टांगलेले माईक चालू होते आणि खोक्यावरची प्रत्येक उडी कानात धाडकन आदळत होती. छताचे पंखे मात्र शांत प्रवेशांत आवाज खाऊन टाकतात. मध्यावर, चौथ्या ते आठव्या रांगेत बसलात तर दोन्ही त्रास कमी. तिकिटांवर सातची वेळ असली तरी दीपप्रज्वलन आणि सत्कार यांत पाऊण तास गेला आणि प्रयोग पावणेआठला उघडला. त्यामुळे शेवटच्या एसटीने परतणाऱ्यांना नाटक अर्ध्यावर सोडून उठावं लागलं. पुढच्या गावी जाताना परतीच्या गाडीची सोय आधीच करून ठेवा. उपाहारगृहातला वडा सहा वाजता गरम असतो, नंतर नाही. ‘वोझा अल्बर्ट’ला शाळकरी मुलं न्यायला हरकत नाही, ‘द आयलंड’ला नववी-दहावीच्या वरची न्यावीत. पत्रकाच्या भरवशावर राहू नका. लुटुली, बिको आणि रॉबेन बेट यांच्याबद्दल मुलांना वाटेतच सांगून ठेवा.