एफआय गाडी आणि खारा वारा: अकरा महिन्यांनंतर

राहायला गुहागर, नोकरी चिपळूणला. रोजचे जाऊन-येऊन नव्वदेक किलोमीटर. आधीची गाडी २००८ची, कार्बोरेटरवाली. गेल्या नोव्हेंबरात १२५ सीसीची एफआय घेतली, म्हणजे कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शनवाली.

जुनीवर पावसाळ्यातली सकाळ म्हणजे चोक ओढा, चार किका मारा आणि गरम होईस्तोवर रेस देत उभे राहा. नवी एका सेल्फला उठते, ह्या एका सुखासाठीही मी परत कार्बोरेटरकडे जाणार नाही. कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि जेटमधून पेट्रोल खेचलं जातं. हवा विरळ झाली तरी पेट्रोल त्या मानाने कमी होत नाही. म्हणून महाबळेश्वरला, सुमारे १३५० मीटरवर, जुनी गुदमरायची, प्लग काळा निघायचा. एफआयमध्ये सेन्सर हवेचा अंदाज देतात आणि ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा संगणक, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते ठरवतो. मे महिन्यात तोच घाट चढलो. ताकद थोडी उतरली, विरळ हवेत ती उतरणारच, पण गाडी एकदाही अडखळली नाही.

जुलैत मात्र अडलो. आठ दिवस झड लागली होती, गाडी पडवीत उभी. चावी फिरवली की टाकीतून दोन सेकंद 'झूंऽ' असा आवाज येतो; तो टाकीतला पंप इंजेक्टरसाठी पेट्रोलचा दाब तयार करत असतो. त्या दिवशी टाकी गप्प. एका सर्व्हिस सेंटरवाल्यांनी फोनवरच पंप बदलायला सांगितला. आमच्या वाडीतल्या मेकॅनिकने आधी पंपाचा कनेक्टर उपसला. पिनांवर हिरवा थर चढलेला! ब्रशने घासलं, स्प्रे मारला, ग्रीस भरलं आणि आवाज परत आला. पंपाला काहीच झालं नव्हतं. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी पंपाचे पैसे मोजण्याआधी कनेक्टर बघाच.

दुसरी सवय टाकीची. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढतं. अर्ध्या रिकाम्या टाकीत आपली दमट हवा कोंडते. पाणी फार झालं की ते इथेनॉलसकट तळाशी बसतं, आणि पंप ओढतो तळाचंच. कार्बोरेटरला खालचा स्क्रू सैल करून ते पाणी सोडता यायचं, इथे टाकी उतरवावी लागते. शिवाय पंप थंड राहतो तो भोवतालच्या पेट्रोलमुळे. म्हणून मी काटा अर्ध्यावर आला की भरतो, आणि पावसात गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी फुल्ल करूनच.

दसऱ्याला पूजेआधी कनेक्टर पुन्हा उघडला. पिना स्वच्छ, ग्रीस जागच्या जागी.