बसून चालवायचा स्क्रबर: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः सुरक्षिततेबद्दल

गोदामाच्या फरशीसाठी आम्ही राईड-ऑन स्क्रबर (पाणी सोडून फरशी घासणारं आणि ते पाणी परत ओढून घेणारं मशीन) घेतला, त्याला आता बरेच महिने झाले. रोज दोन्ही पाळ्यांत चालतो. माझ्या हाताखालचे ऑपरेटर तो चालवतात, गरज पडली की मीही बसतो. खरेदीआधी वाचलेल्या बहुतेक अभिप्रायांत दोनच गोष्टी होत्या: तासाला किती जागा होते आणि बॅटरी किती पुरते. त्या दोन्ही बाबतींत मी समाधानी आहे. पण इतके महिने हे मशीन जवळून पाहिल्यावर मला वेगळंच सांगावंसं वाटतं. या मशीनचा जवळजवळ सगळा धोका ऑपरेटरच्या पाठीमागे असतो, आणि तो बसलेला असतो पुढे तोंड करून.

मशीन मधल्या आकाराचं आहे. दोन गोल ब्रश, ११० लिटरची स्वच्छ पाण्याची टाकी, मागे मळक्या पाण्याची टाकी आणि सीटखाली २४ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या. सफाई उत्तम होते. फोर्कलिफ्टच्या टायरचे काळे डाग, पॅलेटखाली साचलेली बारीक धूळ, सगळं निघतं.

आता स्क्वीजीबद्दल. ब्रशने घासलेलं पाणी ओढून घेणारी मागची रबराची पट्टी ती हीच. सरळ चालताना फरशी लगेच चालण्याजोगी कोरडी होते. वळणावर मात्र मशीनचं शेपूट बाहेर फिरतं आणि स्क्वीजी ओल्या पट्ट्यावरून बाजूला सरकते. वळण वेगात घेतलं की बाहेरच्या टोकाचं रबर फरशी सोडतं आणि चंद्रकोरीच्या आकाराची पाण्याची रेघ मागे उरते. गुळगुळीत काँक्रीटवर ती रेघ दिव्याच्या उजेडात एका बाजूने चमकते, दुसऱ्या बाजूने येणाऱ्याला अजिबात दिसत नाही. शिवाय मशीन वळतं कुठे? दोन रॅकमधली गल्ली संपते तिथे, म्हणजे नेमकं जिथून माणसं कोपरा ओलांडून येतात तिथे. साबणाचं पाणी असल्यामुळे साध्या पाण्यापेक्षा पाय जास्त सटकतो.

म्हणून आमच्याकडे वळणाआधी वेग कमी करायचा, पाणी थोडं आधीच बंद करायचं आणि सक्शन चालू ठेवून वळायचं अशी पद्धत आहे. तरीही पाणी उरलं तर ऑपरेटरने तिथेच थांबायचं, मशीनवर अडकवलेल्या मॉपने ते पुसायचं आणि मगच पुढे जायचं. ‘ओली फरशी’ची पाटी लावतोच, पण पाटी पाणी पुसत नाही.

रबराकडे फार लोक दुर्लक्ष करतात. आमच्या पट्टीला चार कडा आहेत. एक झिजली की पट्टी फिरवून दुसरी लावता येते. झिजलेली कड हाताला गोलसर लागते, चांगली कड धारदार काटकोनी असते. सुतळीचा तुकडा किंवा पॅलेटची लाकडी काडी रबराखाली अडकली तर मागे एक सरळ, बारीक ओली रेघ पडते. टाकी रिकामी करायला थांबलं की दर वेळी स्क्वीजी उचलून पुसायची, हा आमचा नियम आहे. फरशीही त्यामुळेच चांगली दिसते.

ही स्क्वीजी मशीनच्या अंगापेक्षा रुंद आहे, ही गोष्ट नवीन ऑपरेटरच्या लक्षात यायला वेळ लागतो. पुढचा भाग रॅकच्या खांबाजवळून सुटतो आणि मागचं टोक आदळतं. तिथे खांबाऐवजी कुणाचा पाय असू शकतो.

आमच्या मशीनचा जास्तीत जास्त वेग ताशी ६ किलोमीटर आहे. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ते सेकंदाला दीड मीटरहून जास्त होतं आणि भरलेल्या टाकीसह अंगावर येणारं वजन काही शे किलोंचं असतं. फिरता दिवा, हॉर्न, मागे येताना वाजणारा बीपर हे सगळं आहे. बीपरवर मी फारसा भरवसा ठेवत नाही. रोज ऐकून कानांना त्याची सवय होते. त्यापेक्षा सफाईच्या वेळी गल्लीच्या दोन्ही तोंडांना साखळी लावणं कितीतरी चांगलं. त्या गल्लीत तेव्हा फोर्कलिफ्टही नाही आणि माणूसही नाही.

उताराबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. मशीनच्या पाटीवर चढ सहसा टक्क्यांत लिहिलेला असतो, अंशांत नाही. १० टक्के म्हणजे दहा मीटर अंतरात एक मीटर चढ, म्हणजे सहा अंशांपेक्षाही कमी. ज्याने १० टक्क्यांचे १० अंश समजले, तो मशीनला जवळजवळ पावणेदोनपट उभ्या चढावर नेतो. रॅम्पवर सरळ चढायचं, सरळ उतरायचं, आडवं जायचं नाही, वळायचं तर नाहीच. टाकी अर्धी असेल तर आत हिंदकळणारं पाणी वळणावर एका बाजूला धावतं. लोडिंग डॉकच्या, म्हणजे ट्रकमध्ये माल चढवायच्या उंच ओट्याच्या, उघड्या कडेजवळ आम्ही मशीन नेतच नाही, तेवढा पट्टा हाताने होतो.

खूप मळलेल्या जागी आधी सक्शन बंद ठेवून पाणी सोडायचं, घासायचं, थोडं थांबायचं आणि दुसऱ्या फेरीत ओढून घ्यायचं, अशी दुहेरी धुलाई करतात. काम छान होतं. पण दुसऱ्या फेरीत पुढचं चाक साबणाच्या पाण्यावरून चालतं आणि ब्रेक दाबल्यावर मशीन घसरत पुढे जातं. अशा वेळी चालण्याच्या वेगाहून जास्त वेग नको.

साबण जास्त घातला की फरशीवर चिकट थर राहतो, तोच पुढच्या वेळी ओला होऊन निसरडा होतो. मळक्या टाकीत फेसही वर चढतो. टाकी भरली की सक्शन बंद करणारा तिथला तरंगता गोळा पाण्याने उचलला जातो, फेसाने नाही, त्यामुळे फेस थेट सक्शन मोटरपर्यंत पोचू शकतो. ब्लीच आणि आम्लाचं क्लीनर एकाच टाकीत कधीही नको, क्लोरीन वायू निघतो. सांडलेलं पेट्रोल किंवा थिनर तर या मशीनने ओढायचंच नाही.

सीटखाली एक स्विच आहे, ऑपरेटर उठला की मशीन थांबतं. खाली पडलेला पुठ्ठा उचलायला सारखं उतरावं लागतं म्हणून त्या स्विचवर वजन ठेवायची किंवा तो बांधून टाकायची युक्ती बऱ्याच ठिकाणी चालते. आमच्याकडे त्याला पूर्ण बंदी आहे. ब्रशमध्ये पॅकिंगची पट्टी गुंडाळली गेली तर आधी मशीन बंद, चावी खिशात, मग हात आत.

बॅटरीचा भाग मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे काही हलत नाही म्हणून तिथे कुणाला भीती वाटत नाही. पाणी घालायच्या लेड-ॲसिड बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांपर्यंत गेलं की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून सीटचं झाकण उघडं, खोलीला वर झरोका, आसपास वेल्डिंग किंवा ग्राइंडर नाही. चार्जरचा प्लग काढण्याआधी चार्जर बंद करायचा, नाहीतर ठिणगी नेमकी बॅटरीजवळ पडते. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावर भरायचं. चार्जिंगमध्ये आतलं द्रावण फुगतं, आधीच काठोकाठ भरलं तर आम्ल बाहेर येतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी फक्त त्या बुडतील एवढंच घालायचं. चष्मा, रबरी हातमोजे हवेतच, आणि अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवायचं. पाना दोन टोकांवर टेकला तर धातू क्षणात तापून लाल होतो.

मोठी तक्रार एकच. मशीन देताना विक्रेत्याच्या माणसाने अर्ध्या तासात बटणं दाखवली आणि तो निघून गेला. उतार, चार्जिंग, सीट स्विच यांबद्दल एक शब्द नाही. हे सगळं आम्ही मशीनसोबतची पुस्तिका वाचून, ऑपरेटरांसोबत बसून ठरवलं. दुसरं खटकतं ते म्हणजे आरसा नाही. स्क्वीजीच्या दोन टोकांवर नजर ठेवायला दोन लहान आरसे हवेच होते. असे आरसे आम्ही मागवून बसवले आणि त्यानंतर वळणावरचं पाणी ऑपरेटर स्वतःच पाहून थांबू लागले.

मशीन घ्यायचं असेल तर मोकळ्या जागेतला डेमो पाहून पैसे देऊ नका. टाकी अर्धी भरायला सांगा, तुमच्या सगळ्यात अरुंद गल्लीत शिरून टोकाला वळवायला सांगा, तुमच्या रॅम्पचा चढ मोजून पाटीशी ताडून पाहा. मग मशीन गेल्यावर त्या वळणावर जाऊन फरशीवर हात फिरवा.