मोरचूद की एप्सम सॉल्ट?

अकरावीच्या प्रॅक्टिकलला स्फटिकजल, म्हणजे खड्यांत बांधलेलं पाणी, तापवून वजनातल्या घटीवरून मोजायचं तर माझं मत मोरचुदाला (कॉपर सल्फेट). मुशीत (तापवायच्या छोट्या भांड्यात) निळे खडे कडेकडेने पांढरे पडत जातात, पोरं माना पुढे काढून बघतात. पाणी 36 टक्के. आच फारच वाढली तर मात्र पूड काळवंडते, मग वजन चुकलंच.

एप्सम सॉल्टमध्ये (मॅग्नेशियम सल्फेट) पाणी 51 टक्के, म्हणजे वजनातला फरक ठसठशीत; पण रंग काही सांगत नाही. आधी स्वतःच्याच पाण्यात विरघळतं, तडतडून उडतं, आणि शेवटचं पाणी 200 अंशांच्या वर गेल्याशिवाय हलत नाही. तोवर तास संपतो.

पुण्यात जुलैमध्ये डेसिकेटर (दमट हवा लागू न देणारं बंद भांडं) दोघांनाही हवा. गेल्या पावसाळ्यात मूस ओट्यावरच राहिली. काट्यापुढची रांग सरेपर्यंत पांढऱ्या पुडीवर निळी झाक!