पावलांची गती वाढवावी, चवड्यावर धावावे, की ढब आहे तशीच ठेवावी?

एकच दुखणे पुन्हा पुन्हा परतू लागले, की धावणाऱ्याला दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, पावले छोटी टाकून त्यांची गती, म्हणजे मिनिटाला पडणाऱ्या पावलांची संख्या (केडन्स), वाढवण्याचा; आणि दुसरा, टाच आधी टेकवणे सोडून चवड्यावर उतरण्याचा. धावण्याच्या ढबीला हातच न लावता सरावाची मात्रा नीट बांधण्याचा तिसरा पर्याय मात्र क्वचितच कोणी सुचवतो. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी पावसाळ्यापासून अंतर वाढवत नेणाऱ्याने किंवा साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातल्या अर्धमॅरेथॉनची तयारी करणाऱ्याने या तिन्हींतून निवड करताना दुखणे नेमके कुठे आहे आणि ते केव्हा उलटते, एवढ्याच दोन गोष्टी आधी पाहाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचे कारण असे, की ढब बदलल्याने शरीरावरचा भार नाहीसा होत नाही, तो बव्हंशी एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकतो. हाँगकाँगमध्ये ३२० नवख्या धावपटूंवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला दोन आठवड्यांत, ट्रेडमिलवरच्या आठ सत्रांतून, पाऊल हलके टेकवायला शिकवले गेले. पुढच्या वर्षभरात त्या गटातल्या १६ टक्के लोकांना दुखापत झाली, तर न शिकवलेल्या गटात हे प्रमाण ३८ टक्के होते. हा फरक मोठा आहे आणि ढब सुधारण्याच्या बाजूने इतका भक्कम पुरावा दुसरा फारसा नाही. परंतु त्याच चाचणीत गुडघ्याची आणि तळपायाची दुखणी कमी झालेल्या गटात पोटरीची आणि टाचेमागच्या शिरेची दुखणी वाढलेली दिसली, आणि सल्ला देणारे बहुतेक जण हा दुसरा भाग सांगत नाहीत.

गती वाढवण्याचा पर्याय तिन्हींत सर्वांत स्वस्त आणि परत फिरता येण्याजोगा आहे. पाऊल शरीराच्या फार पुढे आणि जवळजवळ ताठ गुडघ्याने पडत असेल, तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावर ब्रेक लागतो. पावले वाढली की ती आपोआप शरीराखाली येतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातील २०११ च्या अभ्यासात, धावण्याचा वेग तोच ठेवून पावले फक्त ५ टक्क्यांनी वाढवली, तेव्हा गुडघ्याला शोषून घ्यावी लागणारी ऊर्जा सुमारे २० टक्क्यांनी घटली, आणि १० टक्क्यांच्या वाढीला खुब्यावरचा भारही उतरला. मिनिटाला १८० पावलांचा जो आकडा सर्वत्र ऐकू येतो, त्याचे मूळ प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांनी १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये केलेल्या मोजणीत आहे, आणि ती मोजणी शर्यतीच्या वेगाने धावणाऱ्या जगातल्या सर्वोत्तम धावपटूंची होती. किलोमीटरला सात मिनिटे घेणाऱ्या आणि मिनिटाला १६० पावले टाकणाऱ्या व्यक्तीने १८० चा हट्ट धरण्याचे काहीच कारण नाही. तिच्यासाठी १६८ हे पुरेसे उद्दिष्ट आहे. मोबाइलवरच्या मेट्रोनोमच्या ठोक्यावर सुरुवातीला एकेक मिनिटाचे तुकडे धावावेत आणि घड्याळातल्या वेगावर लक्ष ठेवावे, कारण पावले वाढवताना नकळत वेगही वाढतो आणि मग सगळा हिशेब बिघडतो.

चवड्यावर उतरण्याचा पर्याय याहून कितीतरी महाग पडतो. २०१० मध्ये हार्वर्डच्या डॅनियल लीबरमन यांनी केनियातल्या अनवाणी आणि बहुधा चवड्यावर उतरून धावणाऱ्यांविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले आणि पातळ तळाच्या बुटांची लाट आली. पुढे पाच बोटांचे बूट विकणाऱ्या व्हिब्रॅम कंपनीला आपल्या आरोग्यविषयक दाव्यांवरून झालेला खटला २०१४ मध्ये साडेसदतीस लाख डॉलरच्या तडजोडीने मिटवावा लागला. त्याच्या आदल्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अनुभवी धावपटूंपैकी काहींना दहा आठवड्यांत टप्प्याटप्प्याने असे बूट वापरायला दिले, तेव्हा त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांच्या पायाच्या हाडांत एमआरआयमध्ये सूज वाढलेली आढळली. शिवाय टाच आधी टेकणे हा मुळात दोषच नाही: जपानमधल्या साप्पोरोच्या २००४ च्या अर्धमॅरेथॉनमध्ये १५ किलोमीटरच्या खुणेपाशी केलेल्या चित्रीकरणात अव्वल धावपटूंपैकीही सुमारे ७५ टक्के जण टाचेवरच उतरत होते.

एका दुखण्यात मात्र हा पर्याय खरोखर विचारात घ्यावा असा आहे. धावायला लागल्यावर ठरावीक वेळाने नडगीचे स्नायू आतून तटतटतात, पाऊल बधिर होते आणि थांबल्यावर सारे शमते, अशा कंपार्टमेंट सिंड्रोममध्ये अमेरिकी लष्करातील दहा रुग्णांना सहा आठवडे चवड्यावर धावायला शिकवल्यावर त्यांची शस्त्रक्रिया टळली. गट लहान होता, तरी हे निदान झालेल्याने शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांशी ही चर्चा अवश्य करावी.

आता तिसरा पर्याय. कॅनडातल्या क्यूबेकमध्ये गुडघ्याच्या वाटीभोवती दुखणाऱ्या ६९ धावपटूंचे तीन गट केले गेले. एकाला केवळ सरावाच्या मात्रेविषयी मार्गदर्शन मिळाले, दुसऱ्याला त्याच्या जोडीला व्यायाम आणि तिसऱ्याला त्याच्या जोडीला ढबीचे प्रशिक्षण मिळाले. तिन्ही गट सारखेच सुधारले. मार्गदर्शन साधे होते: धावताना वेदना दहापैकी दोनच्या वर जाऊ द्यायची नाही, ती तासाभरात शमली पाहिजे, आणि तोवर वेग, उतार व जिने कमी करायचे. माझ्या दृष्टीने या निष्कर्षाने निवडीचा क्रमच ठरतो. सरावाची वही उघडावी. दुखणे दर वेळी अंतर एकदम वाढल्यानंतर, घाट सुरू केल्यानंतर किंवा सुट्टीनंतरच्या पहिल्या लांब पल्ल्यानंतर उलटत असेल, तर ढबीला हात लावू नये. अंतर स्थिर असूनही तीच जागा दुखत असेल, तेव्हाच ढबीकडे वळावे.

वळायचे ठरल्यावर वाटीभोवतीचे दुखणे, खुबा आणि नडगीची आतली कड यांसाठी गती वाढवणे हाच पहिला प्रयोग असावा. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखत असेल, तर दोन्ही पाय एकाच रेषेवर पडत नाहीत ना, हेही पाहावे आणि पावलांमधले आडवे अंतर किंचित वाढवावे. आपल्याकडच्या रस्त्यांच्या कडा उतरत्या असल्याने नेहमी एकाच कडेने धावणेही टाळावे. टाचेमागची शीर, पोटरी किंवा चवड्याची हाडे दुखत असणाऱ्याने चवड्यावर उतरण्याचा विचार सोडून द्यावा. पोटरीचे आणि मांडीचे जोर वाढवणारे व्यायाम तिन्ही वाटांवर करावेत. त्यांनी ढब सहसा बदलत नाही, पण भार पेलण्याची ताकद वाढते.

बदल एका वेळी एकच करावा आणि त्या आठवड्यांत एकूण अंतर थोडे कमी ठेवावे. सुरुवातीला आणि महिनाभराने, कमरेच्या उंचीवर फोन धरून बाजूने स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करून घ्यावे. पाऊल टेकताना नडगी जवळजवळ उभी आणि गुडघा थोडा वाकलेला दिसला, तर बदल योग्य दिशेने होतो आहे. सकाळी उठल्यावर टाचेमागे ताठरपणा जाणवू लागला, तर भार तिकडे सरकला असे समजून गतीतली वाढ निम्मी करावी. हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशी दुखरी जागा असेल किंवा ती रात्री झोपेतही ठणकत असेल, तर या तिन्हींपैकी कोणताही प्रयोग न करता धावणे थांबवावे आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. हाडाला गेलेली बारीक चीर सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे स्वच्छ आला तरी एमआरआयची गरज आहे का, हे त्यांना विचारावे.