डीएफडी, फ्लोचार्ट की बीपीएमएन? गावच्या दूध संस्थेचा कारभार कागदावर मांडताना

संस्थेचा कारभार संगणकावर आणायचं ठरलं की चर्चा लगेच सॉफ्टवेअरवर येते. कुठलं घ्यायचं, कितीला पडेल, मोबाईलवर चालेल का. पण आज हा कारभार नेमका कसा चालतो, हे आधी कागदावर यायला हवं. ते मांडायच्या पद्धती चार-पाच आहेत आणि प्रत्येकीचे कैवारी आहेत. माझा कल डेटा फ्लो डायग्रामकडे, म्हणजे माहिती कुठून कुठे जाते ते दाखवणाऱ्या डीएफडीकडे आहे. तरी तो प्रत्येक ठिकाणी उपयोगी पडत नाही. म्हणून एकच उदाहरण घेऊन सगळ्या पद्धती त्यावर ताडून पाहू.

उदाहरण गावच्या प्राथमिक दूध संस्थेचं. सभासद सकाळ-संध्याकाळ दूध घालतो. नमुना मशिनला लागतो, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) कळतं, दूध मोजलं जातं, दरपत्रकावरून दर लागतो, पावती निघते. गोळा झालेलं दूध, अशा अनेक संस्थांचं दूध घेणाऱ्या दूध संघाकडे जातं. संघ स्वतःच्या डॉकवर पुन्हा वजन आणि फॅट तपासतो आणि दहा दिवसांचं बिल संस्थेला देतो. मग संस्था सभासदांची बिलं काढते. पशुखाद्याचे आणि उचलीचे पैसे कापून घेते, उरलेले बँकेत जमा करते. दिवाळीला दर फरक निघतो तो वेगळा.

अशा संस्थेत साधारण दोन प्रकारच्या तक्रारी ऐकू येतात. एक, 'हिशेब जुळत नाही'. दुसरी, 'बिल वेळेवर निघत नाही'. दोन्ही दुखणी निराळी आहेत आणि त्यांना लागणाऱ्या आकृत्याही निराळ्या. पद्धत निवडताना आधी आपली तक्रार यातली कुठली ते ठरवा, निम्मा निर्णय तिथेच होतो.

हिशेब जुळत नसेल तर: डीएफडी

डीएफडीत चिन्हं चारच. बाहेरचा माणूस किंवा संस्था, माहितीवर काम करणारी प्रोसेस, माहिती साठवणारं डेटा स्टोअर आणि या सगळ्यांना जोडणारा बाण. ही पद्धत १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. एडवर्ड योर्डन, लॅरी कॉन्स्टंटाइन, टॉम डीमार्को, तसंच क्रिस गेन आणि ट्रिश सार्सन ही त्यामागची नावं. इतक्या वर्षांनंतरही ती टिकून आहे, कारण सचिवाला, चेअरमनला आणि प्रोग्रॅमरला एकच आकृती समजते.

पहिलीच गोष्ट पक्की धरायची: डीएफडीत दूध वाहत नाही, दुधाची माहिती वाहते. नवशिका माणूस हमखास कॅन, टँकर आणि शीतकरण केंद्र काढतो. ते सगळं खोडायचं. बाणावर 'दूध' लिहायचं नाही. 'सभासद क्रमांक, वेळ, प्रमाण, फॅट, एसएनएफ' असं लिहायचं. बाणाला नेमकं नाव देण्याच्या या सक्तीतच डीएफडीची खरी कमाई आहे.

ती कशी, ते पाहा. संकलन केंद्राकडून रजिस्टरकडे जाणाऱ्या बाणावर 'प्रमाण' लिहिलं. संघाकडून येणाऱ्या बाणावरही 'प्रमाण' लिहिलं. डीएफडीसोबत डेटा डिक्शनरी ठेवायची असते, तिच्यात 'प्रमाण' म्हणजे काय ते लिहावं लागतं. तिथे कळतं की संस्था लिटरमध्ये नोंदवते आणि संघ किलोमध्ये. एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं. समजा संस्थेच्या वहीत ५०० लिटर आहे आणि संघाच्या पावतीवर ५१२ किलो. वरवर पाहणाऱ्याला १२ची वाढ दिसते. प्रत्यक्षात ५०० लिटर म्हणजे ५१५ किलो, म्हणजे ३ किलो दूध कमी भरलं आहे. ही तूट मशिनच्या सेटिंगमधली आहे, सांडलवंड आहे की आणखी काही, हे पुढे शोधता येईल. पण ती आहे हे कळायलाच दोन बाणांची नावं समोरासमोर यावी लागतात. फ्लोचार्टमध्ये ही विसंगती लपून राहते. तिथल्या बाणाचा अर्थ 'यानंतर हे' एवढाच असतो, त्यावरून काय गेलं हे कुणी लिहीत नाही.

दुसरी कमाई माहितीचा जमाखर्च तपासण्याच्या नियमांची. ज्या प्रोसेसमध्ये माहिती शिरते पण बाहेर काहीच पडत नाही, तिथे काहीतरी चुकलं आहे. बाहेर पडते पण आत काहीच येत नाही, तिथेही. तिसरा प्रकार फसवा: आत येतं, बाहेरही पडतं, पण आलेल्या माहितीतून तो निकाल निघूच शकत नाही. 'सभासदाचं बिल काढणे' ही प्रोसेस घ्या. बाहेर पडणाऱ्या बाणावर 'पशुखाद्य कपात' आहे. आत येणारे बाण पाहिले तर संकलन रजिस्टर आणि दरपत्रक एवढेच. मग कपातीचा आकडा आला कुठून? चौकशी केली की बहुधा एखादी वेगळी वही निघते, पेंडीच्या गोदामातल्या माणसाकडची, जिचा उल्लेख कुणीच केलेला नसतो. अशी वही सापडली की आकृतीने आपलं काम केलं असं समजा. डेटा स्टोअर म्हणून ती काढा आणि तिच्याकडून बिलाकडे बाण न्या.

संघाकडून येणारा फॅटचा अहवाल उलट प्रकारचा. तो फाइलला लागतो आणि तिथेच राहतो. सभासदांच्या एकूण किलोफॅटशी, म्हणजे दुधातल्या फॅटच्या किलोतल्या वजनाशी, तो ताडून पाहणारी प्रोसेसच आकृतीत नसते, कारण ती कारभारातही नसते. नवं सॉफ्टवेअर घेताना पहिली मागणी हीच असायला हवी.

आकृती पातळ्यांनी काढायची. सर्वांत वर एकच वर्तुळ, 'दूध संस्थेचा कारभार', आणि भोवती सभासद, संघ, बँक, पशुखाद्य पुरवठादार. लेखापरीक्षक विसरू नका. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली संस्थेचं लेखापरीक्षण होतं आणि त्यांना द्यायची माहिती हाही एक बाहेर जाणारा प्रवाह आहे. पुढच्या पातळीवर त्या एका वर्तुळाच्या पाच-सात प्रोसेस होतात. वरच्या पातळीवर आत-बाहेर जाणारे बाण खालच्या पातळीवर तेवढेच उतरले पाहिजेत. एक जरी कमी-जास्त झाला तर कुठली तरी आकृती खोटी आहे. गावच्या संस्थेला दोन पातळ्या पुष्कळ झाल्या. तिसऱ्या पातळीत फक्त बिलाची प्रोसेस उलगडावी, बाकी सोडून द्यावं.

बिल वेळेवर निघत नसेल तर: बीपीएमएन किंवा साधा स्विमलेन

इथे डीएफडी हात टेकतो. त्यात वेळ नाही, क्रम नाही, कोण कुणासाठी थांबलंय हे नाही. सकाळी घडणारं संकलन आणि दहा दिवसांनी निघणारं बिल त्यात शेजारी-शेजारी, एकाच दर्जाने उभे असतात. बिल का अडलं याचं उत्तर तो देणार नाही.

त्यासाठी पट्टे आखायचे, यालाच स्विमलेन म्हणतात: एक संघाचा, एक सचिवाचा, एक गोदामाचा, एक बँकेचा. कुठलं काम कुणाच्या पट्ट्यात पडतं आणि एका पट्ट्यातून दुसऱ्यात कधी जातं हे मांडलं की अडलेली जागा दिसते. समजा सचिव संघाचं बिल यायची वाट पाहतो, मगच कपाती मागवायला लागतो. कपाती गोळा करण्याचं काम संघाच्या बिलावर मुळीच अवलंबून नाही, ते समांतर होऊ शकतं. हे स्विमलेनमध्ये लगेच ध्यानात येतं, डीएफडीत नाही.

बीपीएमएन, म्हणजे बिझनेस प्रोसेस मॉडेल अँड नोटेशन, ही याच विचाराची प्रमाणित, काटेकोर आवृत्ती. तिची २.० आवृत्ती २०११ साली आली आणि २०१३ पासून ती आयएसओ मानकही आहे. दहा दिवसांच्या चक्रासाठी घड्याळाचं चिन्ह आहे, निरोपासाठी पाकिटाचं, फाट्यासाठी शंकरपाळ्याच्या आकाराचं. आकृती थेट चालवणारी सॉफ्टवेअरंही आहेत, ही तिची मोठी जमेची बाजू. पण चिन्हांची यादी लांबलचक आहे आणि संचालक मंडळासमोर ती ठेवली तर निम्मा वेळ चिन्हं समजावण्यात जातो. मंजुरीच्या साखळ्या, अनेक खाती, अनेक शाखा असतील तर बीपीएमएन घ्या. एका खोलीतल्या संस्थेला फळ्यावर खडूने आखलेले पट्टे पुरतात.

बाकीच्या दोन पद्धती

फ्लोचार्ट एका निर्णयापुरता उत्तम. आलेलं दूध घ्यायचं की परत करायचं? आधी वास, मग फॅट-एसएनएफ, मग दर. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया धरतात, त्याच्या खाली गेलं की दरकपात कशी, हे 'हो-नाही'च्या चौकटींत नीट बसतं. डीएफडीत हे सगळं 'दर ठरवणे' या एका प्रोसेसच्या पोटात असतं. तेव्हा त्या प्रोसेसला एक छोटा फ्लोचार्ट किंवा सरळ दराचा तक्ता जोडा. अख्ख्या संस्थेचा फ्लोचार्ट मात्र काढू नका, बाणांचं जंजाळ होतं आणि वाचायला कुणी बसत नाही.

ईआर (एंटिटी-रिलेशनशिप) डायग्रामची कल्पना पीटर चेन यांनी १९७६ साली मांडली. तो माहितीची रचना दाखवतो: एका सभासदाच्या अनेक नोंदी, एका बिलात अनेक कपाती. डेटाबेस बनवणाऱ्याला तो हवाच, पण डीएफडीनंतर. डीएफडीतली डेटा स्टोअर्स नक्की झाली की त्यांच्यातूनच तो निघतो. तयार सॉफ्टवेअर विकत घेणार असाल तर तुम्हाला त्याची गरज नाही.

डीएफडीच घ्यायचा ठरला तर

दोन घराण्यांपैकी कुठलं घ्यायचं? योर्डन-डीमार्को पद्धतीत प्रोसेस म्हणजे वर्तुळ. हाताने काढायला सोपं, पण देवनागरीतलं लांब नाव त्यात कोंबावं लागतं. गेन-सार्सन पद्धतीत गोल कोपऱ्यांची चौकट असते, वर क्रमांक आणि खाली काम कोण किंवा कुठे करतं ते लिहायला जागा. संगणकावर काढणार असाल तर मी दुसरी सुचवेन. ड्रॉ डॉट आयओ हे आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यात मराठी टाइप होतं, याहून जास्त काही लागत नाही.

आजची स्थिती जशीच्या तशी काढावी की फक्त तिचं सार? डीमार्को यांचा क्रम असा होता: आधी आजची प्रत्यक्ष स्थिती, मग तिचं तार्किक रूप, मग नव्याचं तार्किक रूप, शेवटी नवी प्रत्यक्ष स्थिती. १९८९पर्यंत योर्डन स्वतःच सांगू लागले की आजची स्थिती रेखाटण्यात फार वेळ जातो, ती पायरी टाळा. मोठ्या कंपनीसाठी ते बरोबर आहे. गावच्या संस्थेत मात्र मी ती पायरी सोडणार नाही. सचिवाला 'संकलन नोंद साठा' दाखवला तर तो मान डोलावतो. 'हिरव्या पुठ्ठ्याची वही' असं लिहिलं तर तो लगेच म्हणतो, 'ती नाही, ती तर गेल्या वर्षीच बंद केली.' दुरुस्ती अशीच मिळते. म्हणून पहिला कच्चा आराखडा वहीच्या, माणसाच्या, खोलीच्या नावांनी काढा, सगळ्यांकडून तपासून घ्या आणि मगच नावं काढून सार ठेवा.

सुरुवात घटनांच्या यादीने केली तर काम हलकं होतं. सभासद दूध घालतो. सभासद पेंड नेतो. सभासद उचल मागतो. संघाचं बिल येतं. दहा दिवस पुरे होतात. सभासदाचा बँक खाते क्रमांक बदलतो. प्रत्येक घटनेला एक प्रोसेस. शेवटची घटना बहुतेक आराखड्यांत नसते आणि पैसे चुकीच्या खात्यात पडतात ते तिथूनच.

कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये डीएफडी कोड लिहून झाल्यावर, ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा अहवाल, बांधायला देताना काढतात. तेव्हा त्याचा काडीचाही उपयोग नसतो, कारण सापडलेलं भोक बुजवायची वेळ निघून गेलेली असते.

तयार सॉफ्टवेअर घेणाऱ्यांना पूर्ण विश्लेषण झेपत नसेल तर एवढं तरी करा. पहिल्या दोन पातळ्या काढा आणि विक्रेता डेमो द्यायला आला की आकृती टेबलावर ठेवा. एकेका बाणावर बोट ठेवून विचारा: ही माहिती तुमच्या कुठल्या स्क्रीनवर शिरते, आणि कुठल्या अहवालात बाहेर पडते? लिटरचे किलो कुठे होतात? संघाचं किलोफॅट आणि आमचं किलोफॅट शेजारी-शेजारी कुठे दिसतं? ज्या बाणाला स्क्रीन दाखवता आली नाही, त्याच्यावर लाल खूण करा आणि तो बाण करारात लिहून घ्या.